लेसर किरण : गुणधर्म, उपयोग आणि आपली जबाबदारी

(वांगणी, ता. जव्हार, येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यात संस्थेच्या वतीने आम्ही केलेल्या भाषणाचा हा मजकूर. भाषणात करून दाखविलेले प्रयोग वाचकांच्या सोयीसाठी वर्णन करून दिले आहेत.)



 



या मेळाव्यासाठी 'लेसर' हा विषय आम्ही कळविला, तेव्हा आमच्याच एका कार्यकर्त्याने विचारले, "वांगणीत जाऊन लेसर कशाला सांगता? तिथे आधी पोटाचे, पाण्याचे, दवाखान्याचे बोला." हा प्रश्न आम्ही हसून बाजूला सारला नाही. वावर-वांगणी हे जोडनाव महाराष्ट्राला कशामुळे ठाऊक झाले, हे या सभेत आम्ही सांगण्याची गरज नाही. १९९२ साली या परिसरात शंभराहून अधिक बालके कुपोषणाने दगावली. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. जिल्हा बदलला, रस्ते आले, पण त्या आया अजून आहेत. म्हणून प्रथमच कबूल करतो की लेसरने नाचणी पिकत नाही आणि लेसरने कुणाचे पोट भरत नाही.

तरीही हा विषय घेऊन आलो, याला दोन कारणे आहेत. एक आत्ता सांगतो, दुसरे शेवटी सांगू. पहिले कारण असे की, ज्या गावाकडे लोक फक्त कीव करायला येतात, त्या गावातील मुलांना 'हे मोठ्या शहरातील लोकांचे काम' असे वाटू लागते. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा तेथे कलेबरोबर विज्ञानाचीही सोय केली. आपल्या मुलांनी कारकुनी पुरते शिकावे, इतकीच त्यांची अपेक्षा नव्हती. जगातील कोणतेही ज्ञान आपल्यासाठी परके नाही, ही त्यामागची भूमिका होती. त्या भूमिकेवर उभे राहून आम्ही बोलत आहोत.

विखुरलेला उजेड आणि एकवटलेला उजेड

आमच्या हातात दोन वस्तू आहेत. एक साधी बॅटरी, दुसरा लेसर पॉइंटर. हा पॉइंटर एक मिलिवॅटपेक्षा कमी शक्तीचा आहे आणि आम्ही तो फक्त या भिंतीवर, सर्वांच्या डोक्यांच्या वर रोखणार आहोत. कोणीही समोर आरसा किंवा चकचकीत ताट धरू नये.

बॅटरी भिंतीजवळ धरली तर लहान गोल दिसतो. दहा पावले मागे गेलो की गोल मोठा होतो आणि फिका पडतो. लेसरचा ठिपका दहा पावले मागे जाऊनही जवळजवळ तेवढाच राहतो. आता ही जुनी सीडी पाहा. बॅटरीचा उजेड तिच्यावरून परतताना इंद्रधनुष्याचे सगळे रंग दिसतात, कारण पांढऱ्या उजेडात ते सगळे मिसळलेले आहेत. लेसरचा झोत त्याच सीडीवर टाकला तर भिंतीवर फक्त वेगवेगळे लाल ठिपके उमटतात. हिरवा नाही, निळा नाही. सीडीने रंग वेगळे करायचा प्रयत्न केला, पण वेगळे करायला दुसरा रंगच नव्हता.

हा फरक कशामुळे पडतो? तुम्हाला समजेल असे उदाहरण तुमच्याच अंगणातले आहे. जव्हारच्या बाजारात गर्दी असते. प्रत्येक जण आपापल्या दिशेने, आपापल्या चालीने जातो. बल्बमधून निघणारा प्रकाश असा असतो. आता तारप्याचा नाच आठवा. तारपा वाजविणारा पुढे असतो आणि एकमेकांच्या कमरेला हात घातलेली माणसांची रांग त्याच्या तालावर एकाच वेळी पाय उचलते, एकाच वेळी टेकविते. माणसे तीच, पण पाऊल एक. लेसरचा प्रकाश हा असा तालात चालणारा प्रकाश आहे.

लेसर तयार कसा होतो?

'लेसर' हा शब्द पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून झाला आहे : लाइट ॲम्प्लिफिकेशन बाय स्टिम्युलेटेड एमिशन ऑफ रेडिएशन. मराठीत सांगायचे तर 'उत्तेजित उत्सर्जनाने प्रकाशाचे वर्धन'. नाव भीतीदायक आहे, पण कल्पना अवघड नाही.

प्रत्येक पदार्थ अणुरेणूंचा बनलेला आहे. अणूला ऊर्जा हवी तेवढी घेता येत नाही. तुमच्या डोंगरउतारावरची भातखाचरे जशी पायऱ्यापायऱ्यांची असतात, तशा अणूच्या ऊर्जेच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. खाचराच्या बांधावर मधेच लोंबकळत राहता येत नाही. वरच्या खाचरात तरी असावे लागते किंवा खालच्या. अणूला योग्य तेवढी ऊर्जा मिळाली की तो वरच्या पायरीवर जातो. याला शोषण म्हणतात. थोड्या वेळाने तो आपोआप खाली येतो आणि दोन पायऱ्यांमधील फरकाएवढी ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर टाकतो. याला उत्स्फूर्त उत्सर्जन म्हणतात. तो कण कोणत्या दिशेला जाईल आणि कोणत्या क्षणी निघेल, याला काही धरबंध नसतो. बाजारातली गर्दी ती हीच.

आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१६-१७ च्या सुमारास तिसरी शक्यता मांडली. अणू वरच्या पायरीवर असताना, नेमक्या त्याच ऊर्जेचा एखादा प्रकाशकण जवळून गेला, तर तो अणूला खाली यायला भाग पाडतो. त्या वेळी बाहेर पडणारा नवा कण पहिल्याची हुबेहूब प्रत असतो : तोच रंग, तीच दिशा, तेच पाऊल. एकाचे दोन झाले. दोघांनी आणखी दोन अणूंना हाक दिली की चार, मग आठ, मग सोळा. हेच उत्तेजित उत्सर्जन.

मग आपल्या घरातील बल्ब लेसर का होत नाही? कारण सर्वसाधारण स्थितीत खालच्या पायरीवर अणूंची गर्दी असते आणि वर थोडेच असतात. एका कणाने दुसरा निर्माण करण्याआधीच खालचा अणू त्याला गिळून टाकतो. म्हणून लेसरसाठी पहिली अट अशी की खालच्यापेक्षा वरच्या पायरीवर जास्त अणू हवेत. बाहेरून वीज किंवा प्रकाश देऊन अणू वर चढवावे लागतात, जसे विहिरीतले पाणी पंपाने वरच्या टाकीत चढवितात. दुसरी अट म्हणजे दोन समोरासमोर आरसे. एक आरसा जवळजवळ सगळा प्रकाश परत फिरवितो. दुसरा त्यातला थोडासा बाहेर जाऊ देतो. आरशांच्या रेषेत धावणारे कण पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून आपली संख्या वाढवितात. तिरके जाणारे बाजूने निघून जातात. दुसऱ्या आरशातून जो थोडा भाग बाहेर झिरपतो, तो लेसरचा झोत.

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीभोवती लखलखाट करणारा दिवा गुंडाळून पहिला लेसर चालविला. त्याचा रंग गडद लाल होता, तरंगलांबी ६९४.३ नॅनोमीटर. युनेस्कोच्या पुढाकाराने २०१८ पासून १६ मे हा आंतरराष्ट्रीय प्रकाश दिन म्हणून पाळला जातो. २०२२ साली बुद्धपौर्णिमा नेमकी १६ मे रोजीच आली होती. हा निव्वळ योगायोग. पण बुद्धपौर्णिमेच्या आसपास विहारात मुलांना प्रकाशाचे चार प्रयोग दाखवायला हे निमित्त आपल्याला चालण्यासारखे आहे.

झोताचे चार गुणधर्म

पहिला गुणधर्म एकवर्णीपणा. पायऱ्यांमधील अंतर ठरलेले, म्हणून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा रंगही ठरलेला. सीडीचा प्रयोग आपण पाहिला.

दुसरा गुणधर्म एकदिशा. झोत पसरतो, पण फार थोडा. साध्या लेसरचा झोत एक किलोमीटर गेल्यावर सुमारे एक मीटर रुंद होतो असे धरायला हरकत नाही. १९६९ च्या जुलैमध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर परावर्तक ठेवले. पृथ्वीवरून लेसर सोडायचा, तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे आणि त्यावरून अंतर काढायचे. या मोजणीतूनच चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटर दूर जात आहे हे कळले. आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही असा छोटा परावर्तक आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने सुमारे शंभर किलोमीटरवरून त्याच्यावर लेसर सोडला आणि परतलेला प्रकाश टिपला.

तिसरा गुणधर्म पाऊल जुळण्याचा. पुस्तकात याला कलासंबद्धता म्हणतात. याचा प्रयोग आम्ही या गावातील एका विद्यार्थिनीच्या मदतीने करतो. तिने आपला एक केस दिला आहे. तो झोताच्या मधोमध ताणून धरला. भिंतीवर पाहा, एका ठिपक्याऐवजी उजेड-अंधाराचे आडवे तुकडे दिसतात. केसाच्या दोन्ही बाजूंनी वाकून आलेल्या लाटा भिंतीवर भेटल्या. जिथे पावले जुळली तिथे उजेड, जिथे विरुद्ध पडली तिथे अंधार. भिंत केसापासून तीन मीटरवर आहे. लागोपाठच्या दोन अंधाऱ्या पट्ट्यांमधील अंतर बाईंनी पट्टीने मोजले : २८ मिलिमीटर. पॉइंटरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, म्हणजे ०.०००६५ मिलिमीटर. आता पाटीवर गणित करा. तरंगलांबी गुणिले भिंतीचे अंतर, भागिले पट्ट्यांचे अंतर : ०.०००६५ × ३००० ÷ २८. उत्तर सुमारे ०.०७ मिलिमीटर. मुलांनो, वांगणीत बसून, शाळेतल्या पट्टीने, आपण केसाची जाडी मोजली. मिलिमीटरचा चौदावा भाग!

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरणारी प्रयोगशाळा आपल्या महाराष्ट्रात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. तिचे नाव लायगो-इंडिया. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, दोन्हींत लेसरचा झोत, आणि परतलेल्या झोतांची पावले जुळतात का याची तपासणी, असे त्याचे स्वरूप. अमेरिकेतील अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळल्याचा थरकाप टिपला. त्या वेळी चार किलोमीटरची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी अंतराने बदलली होती. मराठवाड्यातील हे केंद्र चालवायला वैज्ञानिक लागतील, तसे निर्वात नळ्यांचे, विजेचे, संगणकाचे तंत्रज्ञही लागतील. ते या सभेतून का जाऊ नयेत?

चौथा गुणधर्म तीव्रता. पहिले तीन एकत्र आले की थोडीशी शक्ती अगदी लहान जागेवर एकवटते. उपयोग याच गुणाचा होतो आणि धोकाही याच गुणाचा आहे.

बारामतीत जन्मलेला संशोधक

लेसरच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान दुय्यम नाही. २ जुलै १९३८ रोजी बारामती येथे जन्मलेले चंद्रकुमार नारणभाई पटेल पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवीधर झाले, अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि बेल प्रयोगशाळेत काम करताना १९६३-६४ च्या सुमारास कार्बन डायऑक्साइड लेसर शोधून काढला. आपण उच्छ्वासातून जो वायू बाहेर टाकतो, तोच हा वायू. त्यात नायट्रोजन आणि हेलियम मिसळून वीज सोडली की नायट्रोजनचे रेणू ऊर्जा घेतात आणि धक्क्याने ती कार्बन डायऑक्साइडला देतात. त्यातून १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा, पण पत्रा, लाकूड व कापड कापणारा झोत निघतो. १९९६ साली त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले.

आज अनेक घरांत लाकडावर कोरलेली बाबासाहेबांची प्रतिमा असते. ती कोरणारे यंत्र बहुतेक वेळा याच जातीच्या लेसरवर चालते. आपल्या भिंतीवरच्या प्रतिमेत बारामतीत जन्मलेल्या माणसाचे भौतिकशास्त्र आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

मुंबईतही काम लवकर सुरू झाले. १९६४ साली ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा केंद्रात गॅलियम आर्सेनाइडचा लेसर तयार करण्यात आला आणि पुढे ट्रॉम्बे ते कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था एवढ्या अंतरावर झोताच्या साहाय्याने संदेश पोहोचविण्यात आला. आज मोबाइलवरचे आपले बोलणे टॉवरच्या पुढे बहुधा काचेच्या तंतूतून लेसरच्याच पाठीवर प्रवास करते.

दवाखान्यातील लेसरविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'लेसरने मोतीबिंदू काढतो' असे सांगून आपल्या म्हाताऱ्या माणसांकडून जास्त पैसे मागितले जातात. बिनटाक्याच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत मोतीबिंदू फोडला जातो तो ध्वनिलहरींच्या कंपनांनी, लेसरने नव्हे. पुढे काही काळाने कृत्रिम भिंगामागचा पातळ पडदा धूसर झाला, तर तो मोकळा करायला लेसर वापरतात. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर वाढणाऱ्या नाजूक रक्तवाहिन्या रोखण्यासाठीही लेसर वापरतात. म्हणून 'लेसर' हा शब्द ऐकून पैसे मोजू नका. कशासाठी, असे विचारा. केवळ कोणी मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नये, स्वतः पारखून घ्यावे, ही तर तथागतांची शिकवण आहे.

तोच झोत डोळ्यात गेला तर

आता धोक्याचे गणित पाहू. साठ वॅटचा जुना बल्ब एक मीटरवर आहे. त्याचा प्रकाश चारी दिशांना जातो. अंधारात डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत मोठी होते. तेवढ्या भोकातून बल्बच्या शक्तीचा सव्वातीन लाखांतला एक हिस्सा आत जातो, म्हणजे ०.२ मिलिवॅटहूनही कमी. पाच मिलिवॅटचा पॉइंटर जवळून डोळ्यावर रोखला तर सगळे पाच मिलिवॅट आत जातात. बल्ब साठ वॅटचा आणि पॉइंटर हजारो पटींनी दुबळा, तरी डोळ्यात पॉइंटरचा प्रकाश पंचवीस पटींनी जास्त.

एवढ्यावर हे थांबत नाही. समांतर आलेला झोत डोळ्यातील भिंग एका बिंदूवर गोळा करते. भिंगाने कागद जाळायचा खेळ तुम्ही केला असेल. तेच आत घडते. पडद्यावरची तीव्रता बाहेरच्यापेक्षा सुमारे लाखपट होते. सूर्याकडे पाहू नये असे आपण मुलांना सांगतो. सूर्याची प्रतिमा पडद्यावर सुमारे ०.१६ मिलिमीटरची पडते. लेसरचा ठिपका ०.०२ मिलिमीटरचा असू शकतो, म्हणजे क्षेत्रफळाने चौसष्टावा हिस्सा. जागा लहान, मारा मोठा.

डोळा मिटायला सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात इजा होऊ नये म्हणून दिसणाऱ्या झोताची मर्यादा एक मिलिवॅट धरली आहे. मिरवणुकीत डीजेच्या गाडीवर लावलेले लेसर मात्र एक वॅट आणि त्याहून अधिक शक्तीचे असू शकतात. समजा, एक वॅटचा झोत वीस मीटरवर अडीच सेंटीमीटर रुंद झाला. बाहुली सात मिलिमीटरची. क्षेत्रफळांचा भागाकार केला तर सुमारे तेरावा हिस्सा, म्हणजे ७८ मिलिवॅट डोळ्यात जातात. मर्यादेच्या पंचाहत्तर पटींहून अधिक. यंत्रातील आरसे झोत भराभर फिरवत असतात तोवर एका डोळ्यावर तो क्षणभरच पडतो. पण आरसा अडकला, झोत एका जागी थांबला किंवा खाली वळला, तर डोळा मिटण्याआधीच काम झालेले असते.

२०२३ सालच्या गणेश विसर्जनानंतर नाशिकमध्ये डोळ्याच्या पडद्याला इजा झालेले तरुण नेत्रतज्ज्ञांकडे आल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या होत्या. मिरवणुकीचे चित्रण करताना मोबाइलचा कॅमेरा निकामी झाल्याचा अनुभव अनेकांना आहे. कॅमेरा बदलता येतो.

दुसरे कारण

सुरुवातीला आम्ही दुसरे कारण शेवटी सांगू म्हणालो होतो. ते असे.

आमच्या वस्तीत १४ एप्रिलची मिरवणूक निघते. तिच्यासाठी घरोघरी वर्गणी आम्हीच गोळा केली. 'या वर्षी लाइट जोरात पाहिजे' असे पोरे म्हणाली आणि आम्ही मान डोलावली. लेसरची गाडी ठरविणाऱ्यांत आम्ही होतो. त्या रात्री गाडीसमोर नाचणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलाच्या उजव्या डोळ्यावर झोत थांबला. त्याला दुखले नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. सकाळी पुस्तक उघडले तर ज्या अक्षराकडे पाहावे तेच अक्षर त्याला दिसेना, भोवतालची दिसत. घरच्यांनी दोन दिवस दुकानातून आणलेले थेंब घातले. मग नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. पडद्याच्या मध्यभागी, जिथून आपण वाचतो, नेमका तिथे भाजल्याचा डाग होता. नजर थोडी सुधारली. डाग राहिला. तो आता पुस्तक किंचित तिरपे धरून वाचतो.

ज्या महामानवाने आपल्याला वाचायला शिकविले, त्याच्या जयंतीला आम्ही आमच्या मुलाचे वाचणे अधू केले. कोणी शत्रूने नव्हे. त्याच्या आईने आम्हाला एक शब्दही सुनावला नाही. सुनावला असता तर बरे झाले असते. तेव्हापासून आम्ही हे भौतिकशास्त्र पुन्हा वाचले आणि जिथे बोलावतील तिथे सांगतो.

आज जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांपर्यंत रस्ते आले आहेत, तसे डीजेही येतील. एप्रिल दोन महिन्यांवर आहे. म्हणून तुमच्यासमोर चार गोष्टी ठेवतो.

एक : आपल्या कोणत्याही मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत वा उत्सवात लोकांवर रोखलेला लेसर लावू द्यायचा नाही. साधे रंगीत दिवे लावा. त्यांचा उजेड विखुरतो, म्हणूनच तो डोळ्यांना सोसतो.

दोन : मुलांना खेळायला लेसर पॉइंटर देऊ नका. वेष्टनावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून न दिसणारे अवरक्त किरणही बाहेर पडू शकतात, आणि न दिसणाऱ्या किरणांना पाहून पापणी मिटत नाही.

तीन : झोत डोळ्यात गेला आणि नंतर डाग, धूसरपणा किंवा वाकड्या रेषा दिसू लागल्या, तर डोळा चोळू नका, मनाने थेंब घालू नका, 'दुखत नाही' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा.

चार : लेसरच्या गाडीचे एका रात्रीचे भाडे शाळेला द्या. त्यात भिंगे, चुंबक, लोलक येतील. आमच्या वस्तीने गेल्या वर्षी तेच केले. मिरवणूक निघाली, ढोल-ताशा वाजला, आणि पुढच्या गाडीवर मुलांनी बनविलेली दुर्बीण ठेवली होती. काही तरुण रुसले. त्यांच्याशी आम्ही अजून बोलत आहोत.

एकजुटीचे महत्त्व सांगताना वक्ते सूर्यकिरण आणि भिंगाचा दाखला देतात. आम्हीही देत असू. आता त्यात एक वाक्य जोडतो : एकवटलेली शक्ती आपोआप भली नसते. तोच झोत मधुमेही आजीची नजर वाचवितो आणि नातवाची घालवितो. झोत कुणाच्या हाती आहे आणि तो कोणीकडे रोखला आहे, हे पाहणारी जाणती माणसे लागतात. तथागतांनी करुणेबरोबर प्रज्ञेचा आग्रह धरला, त्याचा अर्थ आम्हाला त्या मुलाच्या डोळ्यापुढे बसून कळला.

सभेनंतर सीडी, पट्टी आणि आपण मोजलेला तो केस शाळेत ठेवून जात आहोत. पॉइंटर बाईंच्या कपाटात, कुलपात राहील. पुढच्या वेळी आम्ही येऊ तेव्हा तुमच्यापैकी कोणीतरी येथे उभे राहून हे आम्हाला समजावून सांगावे, एवढी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवितो.

नमो बुद्धाय! जयभीम! जोहार!